पूल कुणासाठी बांधतात?

(परिचारिका, एएनएम, आशा आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'नर्सला डॉक्टर व्हायचं असेल तर?' असा आजचा विषय आहे. तो ऐकून पुष्कळांना हसू येतं. पण जरा आजूबाजूला पाहा. हवालदार खात्याची परीक्षा देऊन फौजदार होतो. कारकून परीक्षा देत देत अधिकारी होतो. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेल्या मुलाला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, कारण डिप्लोमात तो जे शिकला ते हिशेबात धरलं जातं. याचं कुणाला हसू येत नाही. मग वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईने विचारलं, की 'मी जे शिकले ते तुम्ही कुठे धरणार?', तर हसू का येतं?

मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते. त्यातली शेवटची काही वर्षं शिकवण्यात गेली. त्यामुळे हा प्रश्न मी दोन्हीकडून पाहिलेला आहे.

पहिल्यांदा अमेरिकेतली गोष्ट सांगते. तिथे 'फिजिशियन असिस्टंट' नावाचा एक व्यवसाय आहे. ही माणसं रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात, शस्त्रक्रियेत मदत करतात. पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचं त्यांचं शिक्षण असतं आणि त्यांचं काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली किंवा सहकार्याने चालतं. आज तिथे असे दीड लाखाहून अधिक लोक आहेत, आणि दर दहातल्या साधारण सात बाया आहेत.

पण हा व्यवसाय सुरू कसा झाला? ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड नावाचे डॉक्टर होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी थेल्मा इंगल्स या परिचारिकेबरोबर एक प्रयोग केला. अनुभवी नर्सेसना वरच्या दर्जाचं वैद्यकीय शिक्षण द्यायचं आणि अधिक जबाबदारीचं काम करू द्यायचं, असा तो अभ्यासक्रम होता. नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. नर्सिंगचं शिक्षण डॉक्टरांच्या हाती जाईल, नर्स म्हणजे डॉक्टरची स्वस्तातली प्रत होऊन बसेल, ही भीती त्यामागे होती. ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण परिणाम काय झाला? स्टेडसाहेब दुसरीकडे वळले. नौदलातून परतलेले, युद्धात जखमींवर उपचार करायला शिकलेले चार पुरुष त्यांनी १९६५ साली घेतले. त्यांतले तिघे १९६७ साली उत्तीर्ण झाले. बायांसाठी आखलेली जागा अशी पुरुषांच्या हाती गेली.

त्याच १९६५ साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर 'नर्स प्रॅक्टिशनर'चा अभ्यासक्रम सुरू केला. नर्सने नर्सच राहून अधिकार मिळवायचा, हा तो दुसरा मार्ग. आणि ड्यूकमधल्या पुरुषांच्या वर्गात पहिली बाई शिरली ती जॉइस निकोल्स. ती कृष्णवर्णीय होती, ड्यूकच्याच रुग्णालयात खालच्या श्रेणीची नर्स होती. १९७० साली ती फिजिशियन असिस्टंट झाली. दार उघडायला कोण पुढे येतं, हे आपण आपल्या चळवळीतही पाहिलेलं आहे.

आता पुढचा टप्पा. हा असिस्टंट दहा वर्षं काम करतो, मग त्याला वाटतं की आपण डॉक्टर व्हावं. अनेक वर्षं त्याला उत्तर एकच होतं : अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. म्हणजे प्रवेशपरीक्षा, चार वर्षं मेडिकल कॉलेज आणि त्यापुढे किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी. पेनसिल्व्हानिया राज्यात ईरी नावाच्या गावी ऑस्टिओपथिक मेडिसिनचं एक खासगी कॉलेज आहे. तिथली 'डीओ' ही पदवी अमेरिकेत कायद्याने 'एमडी'च्या बरोबरीची आहे. या कॉलेजाने २०११च्या सुमाराला अशा असिस्टंट लोकांसाठी पूल बांधला. चार वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत. वर्षाला १२ जागा. त्यांतल्या निम्म्या जागा प्राथमिक आरोग्यसेवेत जायला तयार असणाऱ्यांसाठी.

ते एक वर्ष कुठून वाचलं, हे समजून घ्या. शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र या पायाभूत विषयांना सूट मिळालेली नाही. ते सगळ्यांना शिकावंच लागतं. कमी केल्या त्या वॉर्डातल्या पाळ्या, कारण ती माणसं वॉर्डातूनच आलेली असतात. पुढची रेसिडेन्सीही सगळ्यांसारखीच पूर्ण करावी लागते. म्हणजे हा मागचा दरवाजा नाही. 'हिला हे आधीच येतं' एवढं कागदावर मान्य करणं, एवढंच त्यात आहे. मला त्या सगळ्या योजनेत ही एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पण तो पूल फार मोठा आहे असंही समजू नका. दीड लाखांत १२ जागा! शिवाय तीन वर्षं पगार बंद, वर खासगी कॉलेजाची फी. चाळिशीतली बाई, घरी दोन मुलं, डोक्यावर आधीच्या शिक्षणाचं कर्ज. तिने तो पूल ओलांडावा कसा? पूल असणं वेगळं, आणि त्यावरचा टोल परवडणं वेगळं. अमेरिकेतही टोलनाका आहेच.

आता आपल्याकडे येऊ. 'आपल्याकडे असा पूल कधी नव्हताच' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. इंग्रजांच्या काळात दोन तऱ्हेचे डॉक्टर होते. एक पदवीवाले आणि दुसरे लायसन्शिएट, म्हणजे मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षं शिकून परवाना घेतलेले. मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ साली निघालं, त्याचा 'एलसीपीएस' आपल्या वाडवडिलांच्या डॉक्टरांच्या पाट्यांवर तुम्ही वाचला असेल. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदलेले डॉक्टर होते आणि त्यांतले जवळजवळ ३०,००० लायसन्शिएट होते. म्हणजे या देशाला औषधपाणी देणाऱ्या डॉक्टरांत बहुसंख्य हेच होते.

बायांच्या दृष्टीने हा धागा महत्त्वाचा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून एमडी झाल्या, हे आपल्याला पाठ आहे. पण रखमाबाईंनी १८९४ साली जो परवाना मिळवला तो लंडनमध्ये शिकून, स्कॉटलंडच्या कॉलेजांची संयुक्त परीक्षा देऊन. लुधियानात ईडिथ ब्राऊन यांनी १८९४ साली आणि वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९१८ साली बायांसाठी ज्या वैद्यकीय शाळा काढल्या, त्यांतून अनेक वर्षं लायसन्शिएट डॉक्टरणीच बाहेर पडत होत्या. मोठा दरवाजा बंद होता तेव्हा आपल्या आज्या-पणज्या या लहान दारातून आत आल्या.

मग १९३८च्या सुमाराला मद्रास सरकारने सांगितलं की पदवी द्या, नाहीतर शाळा बंद करा. वेल्लोरने धडपड करून १९४२ साली एमबीबीएस सुरू केलं, आणि १९४७पासून तिथे मुलांनाही घेऊ लागले. भोर समितीने सांगितलं की देशात एकाच दर्जाचा 'मूलभूत डॉक्टर' असावा. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, की एवढ्यात लायसन्शिएट बंद केले तर खेड्यांना डॉक्टर कुठून मिळणार? त्यांचं चाललं नाही. पण लायसन्शिएट डॉक्टरांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांना पदवी घेता यावी म्हणून 'कंडेन्स्ड' एमबीबीएसचा छोटा अभ्यासक्रम काढला. हाच तो पूल! अनेक नामवंत डॉक्टर त्यावरून पलीकडे गेले. त्या काळी त्याला कुणी 'दर्जा घसरला' म्हटल्याचं आज कुणाला आठवतही नाही.

अलीकडचे पूल पाहा. २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला तर त्यांना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधं देता येतील, असं ठरलं. त्यावरून वाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२५ साली त्यांच्या नोंदणीवरून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यात संपही केला. केंद्रात २०१७ सालच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या विधेयकात आयुषच्या डॉक्टरांसाठी 'ब्रिज कोर्स' होता. विरोध झाला म्हणून २०१८ साली तो काढून टाकला. २०१९च्या कायद्यात मात्र कलम ३२ आलं : 'सामुदायिक आरोग्य सेवा देणाऱ्यां'ना मर्यादित परवाना देता येईल. २०१८पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आलं. त्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे आणि तो नर्सिंगवाल्यांनाही खुला आहे. पण आपल्या राज्यात या पदांवर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने घेतले गेले. पद कंत्राटी, हे वेगळंच.

या आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरांशी आपलं भांडण नाही. त्यांच्यात आपल्या मुली पुष्कळ आहेत आणि कमी पगारात त्याही राबतात. माझा मुद्दा एवढाच, की सरकारला पूल बांधता येतो. ज्याच्या नावामागे आधीच 'डॉक्टर' आहे, त्याच्यासाठी तो बांधायचं सरकारच्या मनात येतं. सेवेतल्या एमबीबीएस डॉक्टरला पुढच्या शिक्षणासाठी राखीव जागा देता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केलं. गावात काम केलं त्याचं फळ मिळालं पाहिजे, असं त्यामागचं तत्त्व आहे. तत्त्व चांगलंच आहे. मग ते परिचारिकेपाशी येऊन का थांबतं? उपकेंद्रात पंचवीस वर्षं काढणारी एएनएम गावात राहत नव्हती का?

आम्हाला सांगतात, 'नीट द्या की! वयाची अटही आता नाही.' २०२२ साली वरची वयोमर्यादा काढली, हे खरं आहे. कागदावर दार उघडं आहे. पण एएनएम आणि जीएनएमला आपल्या पुष्कळ मुली बारावी आर्ट्स करून येतात, त्यांना नीटला बसताच येत नाही, कारण फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. ज्यांनी सायन्स केलं, त्यांनी महिन्याच्या नाइट ड्यूट्या सांभाळून, लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं दुसरं काहीही न करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलांशी स्पर्धा करायची. त्या परीक्षेत वीस वर्षांच्या अनुभवाला एक मार्क नाही. प्रवेश मिळाला तर साडेचार वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे जी गोष्ट ती रोज इंटर्नला शिकवते तीच परत शिकायची.

मी हे उगाच म्हणत नाही. ज्या रुग्णालयात मी काम केलं तिथे एका रात्री झटके आलेली गरोदर बाई आली. ड्यूटीवर इंटर्न, नुकता लागलेला. वरचे डॉक्टर यायला अवकाश. मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून सावकाश द्यायचं, मग दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, पुढच्या डोसाआधी गुडघ्याचा झटका, लघवी आणि श्वास पाहायचा, हे मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. बाई वाचली, मूलही वाचलं. केसपेपरवर सही त्याची. ते नियमाप्रमाणेच होतं आणि तो मुलगाही चांगला होता, नंतर स्त्रीरोगतज्ज्ञ झाला. पण पुढच्या महिन्यात मी अभ्यास-रजेबद्दल विचारलं तेव्हा कार्यालयातून उत्तर आलं : 'परिचारिकेस वैद्यकीय शिक्षणासाठी रजा देण्याची तरतूद नाही.' त्या दोन कागदांत सगळी व्यवस्था आहे. ज्ञान चालतं, पण ते कुणाच्या नावावर जमा करायचं ते आधीच ठरलेलं असतं.

आणि आपण या काठावर मुळात का आलो, हेही विचारा. माझ्या बॅचमध्ये बारावी सायन्सला उत्तम मार्क असलेल्या मुली होत्या. घरात पैसे एकाच्या शिक्षणापुरते. भावाला मेडिकल, बहिणीला नर्सिंग : लवकर नोकरी लागते, हुंडाही कमी पडतो. कुणी दलित, कुणी आदिवासी, कुणी ख्रिश्चन, कुणी नवऱ्याने टाकलेली. नर्सिंग ही त्यांची आवड नव्हती असं नाही, पण ती निवड होती असंही नाही. अठराव्या वर्षी घराने घेतलेला निर्णय अठ्ठावनाव्या वर्षापर्यंत फिरवता येत नाही. म्हणून पुलाचा प्रश्न हा बाईला दुसरी संधी आहे की नाही, याचा प्रश्न आहे.

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाला उत्तर दिलं पाहिजे. काही मैत्रिणी म्हणतात, 'नर्स म्हणजे अर्धवट डॉक्टर आहे का? शुश्रूषा हे स्वतंत्र शास्त्र आहे. पूल मागणं म्हणजे पलीकडचा काठ उंच आहे हे मान्य करणं.' या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्याकडे नर्सिंगची शिडी आहे : एएनएम, जीएनएम, पोस्ट बेसिक, एमएस्सी, पीएचडी. पण तिची गंमत पाहा. जसजशी बाई वर चढते तसतशी रुग्णापासून दूर, वर्गाकडे आणि ऑफिसकडे जाते. रुग्णाच्या खाटेशी तिचा अधिकार वाढत नाही. २०१८ साली केंद्राने सुईणशास्त्रातल्या नर्स प्रॅक्टिशनरची मार्गदर्शक तत्त्वं काढली, अठरा महिन्यांचं शिक्षण ठरवलं. हा रस्ता चांगला आहे. अमेरिकेत निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या अधिकारात काम करते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या कामात गावातल्या आरोग्यसेविकांनी नवजात बाळांना जंतुदोषावर इंजेक्शनं दिली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७०पासून शाळेची पायरी न चढलेल्या बायांना आरोग्यसेविका केलं. म्हणजे ज्ञान पदवीच्या दोरीला बांधलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की हा काठही उंच करा आणि पूलही बांधा. यांतलं एक मागितलं म्हणजे दुसरं सोडलं असं नाही. शंभरातल्या नव्वद जणींना नर्सच राहायचं असेल, त्यांना अधिकार आणि पगार द्या. दहा जणींना पलीकडे जायचं असेल, त्यांना अडवू नका.

दुसरा आक्षेप रुग्णांच्या बाजूचा, आणि तो आपण सर्वांत गंभीरपणे घेतला पाहिजे. इंग्लंडमध्ये 'फिजिशियन असोसिएट' वाढले, तेव्हा आपल्याला तपासणारा डॉक्टर नाही हे रुग्णांना कळेना. २०२५ साली लेंग यांच्या अहवालाने त्यांचं नाव 'असिस्टंट' करा, आणि निदान न झालेल्या रुग्णाला त्यांनी तपासू नये असं सुचवलं. अमेरिकेत उलट, तिथल्या संघटनेने २०२१ साली 'असिस्टंट'चं 'असोसिएट' केलं. नावावरून भांडणं होत राहतील. आपण रुग्णही आहोत, तेव्हा आपली भूमिका स्वच्छ हवी : पूल म्हणजे सूट नव्हे. गरिबाला आणि खेड्यातल्या बाईला कमी शिकलेला डॉक्टर, शहरातल्या श्रीमंताला पूर्ण शिकलेला, असा पूल आपल्याला नको. शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच असली पाहिजे, आणि समोरची व्यक्ती कोण हे रुग्णाला कळलंच पाहिजे.

तर मागण्या अशा मांडता येतील.

एक, बारावी आर्ट्सच्या परिचारिकांसाठी सरकारी खर्चाने एक वर्षाचा विज्ञानाचा पाया-अभ्यासक्रम.

दोन, सेवेतल्या परिचारिकांसाठी राज्यातल्या एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रयोग म्हणून थोड्या जागा. त्या बाराच असोत. पायाभूत विषय पूर्ण, वॉर्डातल्या अनुभवाची रीतसर परीक्षा घेऊन सूट, आणि शेवटची परीक्षा इतरांचीच. देशपातळीवरचे नियम आड येत असतील तर ते बदलायची मागणी दिल्लीत.

तीन, पगारी अभ्यास-रजा आणि पाळणाघर. याशिवाय पूल कागदावरच राहील. मोबदल्यात ग्रामीण भागात ठरावीक वर्षं सेवा करायला आमची ना नाही, आम्ही तिथेच आहोत.

चार, नर्स प्रॅक्टिशनरचा कुठलाही अभ्यासक्रम काढाल तर त्याबरोबर कायम पद, पगार आणि औषधं लिहिण्याचा मर्यादित पण लेखी अधिकार. नुसतं प्रमाणपत्र नको.

पाच, प्रत्येकाच्या छातीवर मोठ्या मराठी अक्षरांत नाव आणि पद. डॉक्टरांच्यासुद्धा.

परिचारिकांच्या संघटना पगार, पेन्शन, बदल्या यांवर लढतात, लढल्याच पाहिजेत. स्त्री-संघटना हिंसा, कायदा, आरोग्य यांवर काम करतात. हा प्रश्न दोघींच्या मधल्या जागेत पडून राहिलेला आहे. तेव्हा आज घरी जाण्यापूर्वी एवढं करा : आपापल्या तालुक्यात किती जणींना पुढे शिकायचं होतं, कुठे अडलं, कुठला नियम आड आला, हे विचारून लिहून काढा. अर्ज केला असेल तर नकाराचा कागद जपून ठेवा. असे शंभर कागद एकत्र आले की मग हसायची पाळी कुणाची, ते पाहू.